अपडेट करा, पण आमची वेळ बघून

दर महिन्याला जीएसटीआर-१ हे विक्रीचं जीएसटी विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी शेवटची तारीख ११. मायक्रोसॉफ्टचं विंडोजसाठीचं मासिक अपडेट येतं महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, म्हणजे ८ ते १४ तारखेमध्ये कधीतरी. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात आणि आपल्याकडे रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा. त्यामुळे नाशिकमध्ये कॅनडा कॉर्नर, शरणपूर रोड, नाशिक रोड इथल्या कर सल्लागारांच्या ऑफिसांत ते बुधवारी सकाळी पोचतं, आणि काही महिने हा बुधवार नेमका दहा-अकरा तारखेलाच पडतो. समोर अंबडचा एखादा जॉबवर्कवाला बिलांची फाइल घेऊन बसलेला असतो, डिजिटल सहीचं डोंगल लावून झालेलं असतं, टॅली उघडायची तेवढी बाकी असते. आणि स्क्रीनवर ठिपके गोल फिरत असतात: अपडेट सुरू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका.

पुढच्या अपडेटमध्ये काय हवं असं या मंडळींना विचारलं तर नव्या आयकॉनचं किंवा नव्या रंगांचं नाव कोणी काढत नाही. कामाच्या वेळी मशीन अडवू नका, काल चालणारा प्रिंटर आज बंद पाडू नका, धडधाकट लॅपटॉप भंगारात काढायला लावू नका, हेच पुन्हा पुन्हा ऐकू येतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ला नियमित अपडेट देणं बंद झालं आणि एम. जी. रोडवरच्या कॉम्प्युटरच्या दुकानांत हा विषय रोजचाच होऊन बसला. या मागण्या पूर्ण करणं कंपन्यांना का जड जातं, त्यातल्या कोणत्या रास्त आहेत आणि कोणत्या आपल्याच अंगाशी येतील, ते जरा नीट पाहू.

## अपडेट एक, आतली कामं तीन

कॉम्प्युटरचा सगळा कारभार बघणारं जे मुख्य सॉफ्टवेअर, त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. विंडोज, ॲपलचं मॅकओएस, लिनक्स ही त्याची उदाहरणं. त्यात कोट्यवधी ओळींचा कोड असतो आणि एवढ्या कोडमध्ये चुका राहतातच. काही चुका अशा असतात की त्यांतून बाहेरचा कोणी आपल्या मशीनमध्ये शिरू शकतो. ही फट बुजवणारी दुरुस्ती म्हणजे सुरक्षा अपडेट. दुसऱ्या मंगळवारी येतं ते मुख्यतः हेच, आणि ही पद्धत २००३ पासून चालू आहे.

दुसरं काम नव्या सोयींचं. स्टार्ट मेनू बदलणं, नवं ॲप येणं, सेटिंगची जागा हलणं. वर्षातून एकदा याची मोठी आवृत्ती निघते. विंडोज ११ ची २५एच२ आवृत्ती ३० सप्टेंबर २०२५ ला आली. ज्यांच्याकडे आधीची २४एच२ होती त्यांच्या मशीनमध्ये तिच्या बहुतेक फाइल्स मासिक अपडेटमधून आधीच येऊन पडलेल्या होत्या, त्या फक्त चालू करायच्या होत्या. पूर्वी तास-दीड तास खाणारं काम एका रीस्टार्टवर आलं. ही सुधारणा लोकांनी वर्षानुवर्षं मागितली होती आणि ती मिळाली, हेही नोंदवायला हवं.

तिसरं काम ड्रायव्हर आणि फर्मवेअरचं. प्रिंटर, वेबकॅम, अंगठ्याचं मशीन यांच्याशी विंडोजचं बोलणं घडवून आणणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. खुद्द मदरबोर्डवरच्या चिपमध्ये बसलेलं सॉफ्टवेअर म्हणजे फर्मवेअर.

हे सगळं एकाच बटणामागून येतं आणि माझ्या मते लोकांच्या रागाचं मूळ इथेच आहे. महिन्याचं अपडेट एकगठ्ठा असतं. त्यातली सुरक्षेची दुरुस्ती तेवढी घ्यायची आणि बाकीचं सोडून द्यायचं, अशी निवड घरी किंवा छोट्या ऑफिसात विंडोज वापरणाऱ्याला नसते. फट बुजायला हवी म्हणून अपडेट घेतलं की सोबत न मागितलेले बदलही घरात येतात. असं दोन-तीनदा झालं की माणूस अपडेटलाच घाबरायला लागतो आणि फटही उघडी राहते. सुरक्षेचं आपोआप होऊ दे, नवी सोय मात्र विचारून दे, ही मागणी म्हणून नुसती आरामाची नाही. तिचा थेट संबंध सुरक्षेशी आहे.

## रीस्टार्ट लागतोच कशाला?

जलवाहिनीवरचा व्हॉल्व्ह बदलायचा असला की नाशिक महापालिका एखाद्या शनिवारी त्या भागाचं पाणी बंद ठेवते. वाहत्या पाण्यात पाइप कापता येत नाही. ऑपरेटिंग सिस्टीमच्या फाइल्सचंही तसंच आहे. मशीन चालू असताना त्या सतत वापरात असतात, त्यामुळे जुनी फाइल काढून नवी बसवायला सगळं क्षणभर थांबवावं लागतं. पाणी बंद असण्याचा त्रास आपण सोसतो, कारण आदल्या दिवशी पेपरात आलेलं असतं आणि घरोघरी भांडी भरून ठेवलेली असतात. कॉम्प्युटरवाल्यांची अपेक्षाही तेवढीच आहे: आधी सांगा, वेळ आम्हाला ठरवू द्या.

तशी सोय आहे, पण अर्धवट. विंडोजमध्ये ‘ॲक्टिव्ह अवर्स’ नावाची सेटिंग आहे. त्यात सांगितलेल्या वेळेत, दिवसातले जास्तीत जास्त १८ तास, मशीन आपणहून रीस्टार्ट होत नाही. पण दुकान बंद करून मशीनही बंद करून जाणाऱ्याला तिचा पुरेसा उपयोग नाही. रात्री मशीन बंद असतं, म्हणून अपडेट सकाळवर ढकललं जातं. त्यांच्यासाठी ‘अपडेट करून बंद करा’ हे बटण होतं. ते दाबून माणूस घरी जायचा आणि बऱ्याच मशीनवर ते अपडेट करून बंद होण्याऐवजी पुन्हा चालूच व्हायचं. ही तक्रार कित्येक वर्षं होत होती. मायक्रोसॉफ्टने तिची दुरुस्ती ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस दिली.

रीस्टार्टशिवाय दुरुस्ती होऊच शकत नाही का? होते. चालू मशीनच्या मेमरीतच कोड बदलण्याच्या या तंत्राला हॉटपॅच म्हणतात. मोठ्या कंपन्यांसाठीच्या विंडोज ११ मध्ये ते एप्रिल २०२५ पासून उपलब्ध आहे आणि त्यामुळे वर्षाच्या बारा रीस्टार्टच्या जागी साधारण चारच लागतात. घरगुती विंडोजला ते मिळालेलं नाही. ज्या कंपनीकडे स्वतःचा आयटी विभाग आहे तिला ही सोय, आणि सिडकोतल्या एकट्या डीटीपीवाल्याला नाही, हे मला पटत नाही. येत्या अपडेटकडून एकच गोष्ट मागायची असेल तर मी ही मागेन.

## मग अपडेट बंदच करून टाकलं तर?

हे अनेक जण करतात. ‘दादा, ते अपडेटचं कायमचं बंद करून द्या’ असं सांगून फॉरमॅट मारून घेणारी गिऱ्हाइकं कुठल्याही रिपेअरवाल्याला विचारा, भरपूर सापडतील. त्रासाला कंटाळून घेतलेला निर्णय म्हणून तो समजण्यासारखा आहे, पण त्याची किंमत फार मोठी पडू शकते.

१४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टने विंडोजमधली एक गंभीर फट बुजवणारं अपडेट दिलं. १२ मे २०१७ ला, म्हणजे दोन महिन्यांनी, वॉनाक्राय नावाचा हल्ला झाला. तो याच फटीतून शिरत होता. फाइल्स कुलूपबंद करायच्या आणि त्या सोडवायला खंडणी मागायची, अशा हल्ल्याला रॅन्समवेअर म्हणतात. जवळजवळ १५० देशांतली दोन लाखांहून जास्त मशीन त्यात सापडली, ब्रिटनमधल्या सरकारी इस्पितळांतल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. दुरुस्ती दोन महिने उपलब्ध होती. ज्यांनी ती घेतली होती त्यांच्या मशीनला त्या वाटेने धोका नव्हता.

दीड महिन्यातच, २७ जून २०१७ ला, नॉटपेट्या नावाचा दुसरा हल्ला आला. त्याचा फटका थेट आपल्या दाराशी बसला. नाशिकची द्राक्षं आणि कांदा ज्या बंदरातून परदेशी जातात त्या उरणजवळच्या जेएनपीटीमधलं मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं आणि कंटेनर अडकून पडले. युक्रेनमध्ये हिशेब लिहायच्या एका सॉफ्टवेअरमधून सुरू झालेली गोष्ट उरणच्या धक्क्यावर येऊन पोचली.

दुरुस्ती जाहीर झाली की धोका काही काळ उलट वाढतो, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. हल्लेखोरही ते अपडेट उतरवून घेतात, आधीच्या आणि नंतरच्या फाइलमध्ये काय बदललं ते ताडून बघतात आणि फट नेमकी कुठे होती ते शोधून काढतात. अपडेट न घेतलेल्या मशीनचा पत्ता त्यांना जणू छापूनच मिळतो. ‘माझ्याकडे चोरण्यासारखं आहे काय’ हा युक्तिवाद इथे चालत नाही, कारण हे हल्ले माणूस निवडून होत नाहीत, फट असलेलं जे मशीन सापडेल त्यात शिरतात. आणि लग्नाच्या अल्बमचं काम करणाऱ्याच्या डिस्कवर दुसऱ्यांच्या घरातले फोटो असतात, सेतू केंद्राच्या मशीनवर गावभराची कागदपत्रं असतात.

## पण अपडेटनेच बिघडतं, त्याचं काय?

ही शंका शंभर टक्के रास्त आहे. वर सांगितलेला नॉटपेट्या आत शिरला तोच मुळी त्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन एका झटक्यात बंद पाडली. आपल्याकडच्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. चूक मायक्रोसॉफ्टच्या अपडेटमध्ये नव्हती, पण मशीन उभीच राहत नसल्याने अनेक ठिकाणी माणसाला एकेका कॉम्प्युटरपाशी जाऊन ती फाइल हाताने काढावी लागली.

मायक्रोसॉफ्टच्या हातूनही असं घडतं. ऑक्टोबर २०२५ च्या मासिक अपडेटनंतर विंडोज ११ च्या दुरुस्तीच्या स्क्रीनवर यूएसबी माउस आणि कीबोर्ड चालेनासे झाले. म्हणजे मशीन अडकलं तर ज्या स्क्रीनवरून सोडवायचं, तिथे बटणच दाबता येत नव्हतं. २० ऑक्टोबरला, आपल्याकडे दिवाळी चालू असताना, तातडीचं जादा अपडेट काढून ते निस्तरावं लागलं. २०२१ मध्ये प्रिंटरच्या एका फटीवर दिलेल्या दुरुस्त्यांमुळे अनेक ऑफिसांतले नेटवर्क प्रिंटर अडून बसले होते.

असं का होतं? ॲपल स्वतःच मशीन बनवतं, त्यामुळे त्यांना मोजक्या मॉडेलवर तपासावं लागतं. विंडोज मात्र शेकडो कंपन्यांच्या मशीनवर चालतं, त्यांना जगभरातले प्रिंटर आणि स्कॅनर जोडलेले असतात. आपले सरकार सेवा केंद्रातल्या त्या पाच-सहा वर्षांच्या अंगठ्याच्या मशीनवर हे अपडेट कसं वागेल ते मायक्रोसॉफ्टच्या रेडमंडच्या मुख्यालयात बसलेल्या कोणी तपासलेलं असण्याची शक्यता कमीच. म्हणून नवी आवृत्ती टप्प्याटप्प्याने सोडतात, अडचण दिसली की ठराविक मॉडेलसाठी थांबवतात. क्राउडस्ट्राइकनंतर ‘क्विक मशीन रिकव्हरी’ नावाची सोय विंडोज ११ मध्ये आणली गेली. मशीन सुरूच होत नसेल तर दुरुस्तीच्या स्क्रीनवरूनच इंटरनेटला जोडून घेऊन उपाय शोधायची तिची रचना आहे. दिशा बरोबर आहे. लोकांना हवं आहे ते याच्या पुढचं एक पाऊल: अपडेटने काय बदललं हे दोन ओळींत, समजेल अशा भाषेत, अपडेट घेण्याआधी दिसावं. आज त्या जागी एक लांबलचक नंबर दिसतो.

## चालता लॅपटॉप बाद कसा ठरतो?

दुकानातला हा संवाद आता पाठ झाल्यासारखा आहे.

‘काकू, याच्यात अकरा बसणार नाही.’

‘अहो पण चांगला चालतोय की! मागच्याच वर्षी तुम्ही एसएसडी टाकून दिलात.’

‘चालतोय हो. मशीनमध्ये काहीच खराबी नाही. त्यांच्या यादीत प्रोसेसर नाही, एवढंच.’

विंडोज ११ ऑक्टोबर २०२१ मध्ये आली तेव्हा मायक्रोसॉफ्टने अट घातली: टीपीएम २.० हवा आणि प्रोसेसर ठरलेल्या यादीतला हवा. इंटेलच्या बाबतीत ढोबळमानाने आठवी पिढी किंवा पुढची, म्हणजे २०१७ च्या उत्तरार्धापासूनची. टीपीएम ही पासवर्ड आणि कुलपांच्या किल्ल्या जपून ठेवणारी वेगळी, बंदिस्त व्यवस्था. लॅपटॉप चोरीला गेला तरी डिस्कवरचं वाचता येऊ नये, यासाठी तिचा खरा उपयोग होतो. अट निराधार नाही. पण ती फार कडक आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. सातव्या पिढीच्या अनेक लॅपटॉपमध्ये टीपीएम २.० आहे, तरी प्रोसेसर यादीत नाही म्हणून ते बाहेर.

नवीन घ्यायला जाण्याआधी एक गोष्ट मात्र जरूर तपासा. काही मशीनमध्ये टीपीएम असतो, पण बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, बंद ठेवलेला असतो. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ हे फुकट ॲप नेमकं काय कमी पडतंय ते सांगतं. कारण फक्त टीपीएम बंद असणं हे असेल तर दुकानात पाच मिनिटांत काम होतं.

खरोखरच बसत नसेल तर विंडोज १० साठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेटची मुदतवाढ आहे. विंडोज बॅकअपने सेटिंग्ज मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडल्या तर पैसे पडत नाहीत, नाहीतर ३० डॉलर. मायक्रोसॉफ्टचं खातं मात्र लागतं. यात नवी सोय एकही मिळत नाही, नुसती फट बुजवली जाते. थोडक्यात, फक्त सुरक्षेचं अपडेट वेगळं देता येतं हे कंपनीने इथे करूनच दाखवलं आहे.

त्यापुढचा मार्ग म्हणजे लिनक्स मिंटसारखी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम किंवा गुगलची क्रोमओएस फ्लेक्स. मेल, यूट्यूब, मुलांचा अभ्यास, पत्र लिहिणं यासाठी जुन्या लॅपटॉपवर ती उत्तम चालते. पण टॅली, डिजिटल सहीचं डोंगल किंवा श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर रोजचं काम असेल तर घाईने उडी मारू नका. आधी त्या सॉफ्टवेअरवाल्याला विचारा.

मॅक वापरणाऱ्यांची सुटका आहे असंही नाही. इंटेल प्रोसेसरच्या मॅकसाठी टाहो ही मॅकओएसची शेवटची मोठी आवृत्ती, असं ॲपलने जून २०२५ मध्ये सांगून टाकलं आहे. इकडे मोबाइलच्या जगात गुगल आणि सॅमसंग काही फोनना सात वर्षं अपडेट द्यायचं आधीच जाहीर करतात. लॅपटॉपच्या खोक्यावर अशी तारीख छापलेली का नसावी? साठ हजारांची वस्तू घेताना ती किती वर्षं सुरक्षित राहील हे गिऱ्हाइकाला कळायलाच हवं.

## सिक्युअर बूटची तारीख

मशीन सुरू होताना पहिल्यांदा चालणारा प्रोग्रॅम खरा आहे की कोणी घुसवलेला, हे तपासणाऱ्या व्यवस्थेला सिक्युअर बूट म्हणतात. त्यासाठी वापरली जाणारी २०११ ची प्रमाणपत्रं जून २०२६ पासून कालबाह्य व्हायला लागतात. त्यांच्या जागी २०२३ ची नवी प्रमाणपत्रं अपडेटमधूनच येतात. तारीख उलटली म्हणून कॉम्प्युटर सुरू व्हायचा थांबणार नाही, त्यामुळे कोणी घाबरवून पैसे मागितले तर देऊ नका. मात्र नवी प्रमाणपत्रं नसलेल्या मशीनला सुरू होण्याच्या टप्प्यावरची पुढची संरक्षणं मिळणार नाहीत. अपडेट कायमचं बंद करून ठेवणाऱ्यांनी हा मुद्दा लक्षात घ्यावा.

## एआय मागितलं कोणी?

अलीकडच्या प्रत्येक अपडेटमध्ये एआय आहे. ते नकोच असं मी म्हणणार नाही. इंग्रजी नोटिशीचा सारांश मराठीत मिळणं निफाडच्या शेतकऱ्याच्या मुलाला उपयोगाचंच आहे. प्रश्न संमतीचा आणि मेमरीचा आहे.

मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘रिकॉल’ जाहीर केलं. स्क्रीनचे सतत फोटो काढून ठेवायचे, म्हणजे आपण काय पाहिलं होतं ते नंतर शोधता येईल. बँकेचं पान, रुग्णाचा रिपोर्ट, खाजगी संभाषण, सगळंच त्यात येणार होतं. सुरक्षा तज्ज्ञांनी आणि वापरणाऱ्यांनी एवढा विरोध केला की ते लांबवावं लागलं. एप्रिल २०२५ मध्ये आलं ते बदलून: आपण चालू केलं तरच चालू होणारं. हाच नियम एआयच्या प्रत्येक सोयीला लावावा, एवढीच अपेक्षा आहे.

मेमरीचं म्हणाल तर एआयसाठीच्या ज्या मशीनना मायक्रोसॉफ्ट ‘कोपायलट प्लस’ म्हणतं त्यांना किमान १६ जीबी रॅम लागते. आणि २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅमचे भाव भडकले. मायक्रॉनने तर क्रुशल या नावाने ग्राहकांना विकली जाणारी रॅम बंद करायचं डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं. ‘रॅम वाढवून घ्या’ हा पूर्वीचा स्वस्त इलाज आता तेवढा स्वस्त राहिलेला नाही. अशा काळात आहे त्या ८ जीबीत नीट चालणारी विंडोज देणं, हीच माझ्या दृष्टीने मोठी नवी सोय ठरेल.

## मराठीचं काय?

हा भाग मला सगळ्यांत जवळचा. जुन्या मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी चित्रं बसवलेली असायची. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की निमंत्रणपत्रिकेच्या जागी नुसता इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसायचा. युनिकोडने प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक दिला आणि हा त्रास मिटला. पण सगळी अक्षरं एकदम आली नाहीत. ‘ॲ’ हे आपलं अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये दाखल झालं. त्याआधीच्या फॉन्टवर ‘ॲड्रेस’च्या सुरुवातीला आजही चौकट दिसते. नवं अपडेट नको म्हणणाऱ्याने आपल्या भाषेचं एक अक्षरही नको म्हटलेलं असतं, हे ध्यानात येत नाही.

विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटमध्ये मराठीसह दहा भारतीय भाषांचे फोनेटिक कीबोर्ड आले. इंग्रजी बटणांवरून उच्चाराप्रमाणे मराठी लिहायला वेगळं सॉफ्टवेअर टाकायची गरज उरली नाही. आपल्याकडच्या कित्येकांना ते मशीनमध्ये आधीपासून आहे हेच माहीत नसतं.

अजून काय राहिलंय ते एका उदाहरणात सांगतो. ग्रामपंचायतीच्या एक्सेलमध्ये ‘शेतकऱ्यांची यादी’ आहे. यातला ‘ऱ्य’ कॉम्प्युटरमध्ये दोन प्रकारांनी साठवला जातो: एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात साध्या र नंतर एक न दिसणारी खूण असते. एकाने इनस्क्रिप्टवर टाइप केलं, दुसऱ्याने दुसऱ्याच कीबोर्डवर. डोळ्यांना दोन्ही अगदी सारखंच दिसतं, पण शोधायला गेलं की बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये एका प्रकाराने लिहिलेलं दुसऱ्या प्रकाराने सापडत नाही. यादीत नाव असतं, शोधात नसतं, आणि खिडकीवर उभ्या माणसाला ‘तुमचं नाव दिसत नाही’ असं सांगितलं जातं. दोन्ही रूपं एकच मानून शोधायला शिकवणं हे एआयच्या मानाने किरकोळ काम आहे. ते आधी व्हावं असं मला मनापासून वाटतं.

## तोपर्यंत आपल्या हातात काय आहे

विंडोज ११ मध्ये अपडेट जास्तीत जास्त पाच आठवडे थांबवता येतं. कर सल्लागारांनी ७ तारखेला एक आठवड्याचा थांबा लावावा आणि नंतरच्या शनिवारी सावकाश अपडेट घ्यावं. आठ-दहा दिवसांत अपडेटमधले मोठे घोळ बाहेर आलेले असतात. त्यापेक्षा जास्त लांबवू नये. ‘नवीन अपडेट मिळताक्षणी घ्या’ असं सांगणारं बटण विंडोज अपडेटच्या पानावर असतं, कामाच्या मशीनवर ते बंदच ठेवा. दिंडोरी-पेठकडे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यांनी त्या वायफायला ‘मीटर्ड कनेक्शन’ करून ठेवलं तर मोठी डाउनलोड आपोआप सुरू होत नाहीत, डेटा वाचतो. मग महिन्यातून एकदा चांगल्या नेटवर आठवणीने अपडेट घ्यायचं.

अपडेटने काही बिघडलंच तर अपडेट हिस्टरीमध्ये जाऊन ते काढता येतं. मोठी आवृत्ती टाकल्यावर मात्र मागे जायला दहाच दिवस मिळतात. फर्मवेअरचं अपडेट चालू असताना लाइट गेली तर मदरबोर्डच बसू शकतो, म्हणून लॅपटॉप पूर्ण चार्ज करून आणि डेस्कटॉप यूपीएसवर ठेवूनच ते घ्या. नव्या विंडोज ११ लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्कला आपोआप कुलूप लागतं. फर्मवेअर बदलल्यावर कधी कधी त्या कुलपाची ४८ अंकी किल्ली मागितली जाते. ती आपल्या खात्यात साठवलेली असते. आजच काढून वहीत लिहून ठेवा.

आणि तक्रार करा. विंडोजचं बटण आणि एफ एकत्र दाबलं की ‘फीडबॅक हब’ उघडतं. तिथे ‘प्रिंटर चालत नाही’ एवढंच लिहून भागत नाही. प्रिंटरचं मॉडेल, कोणत्या तारखेच्या अपडेटनंतर बंद पडला ती तारीख आणि अपडेट हिस्टरीत दिसणारा ‘केबी’ने सुरू होणारा नंबर लिहा. तीच अडचण आधी कोणी नोंदवली असेल तर नवी तक्रार न लिहिता तिला पाठिंबा द्या, म्हणजे एकाच दोषाच्या तक्रारी एका ठिकाणी मोजल्या जातात.